खडखडणारा प्रिंटर: ठेवायचा की काढायचा?

दिवाळीनंतर धानाची मळणी उरकते आणि तुमसर, मोहाडी, लाखनी, पवनीकडच्या राईस मिलांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. त्याच सुमारास वाचकांचे तेच ते प्रश्नही येऊ लागतात. मिलवाले, धर्मकाटेवाले, कृषी केंद्रवाले विचारतात: हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, हा जुनाट संगणक, ही कार्बन घालून लिहायची पावतीपुस्तके अजून किती दिवस चालवायची? घरातली शिकलेली पोरे तर म्हणतात, भंगारात घाला. शेतकऱ्यांचा प्रश्न दुसऱ्या टोकाचा असतो: हातात पडलेली ही फिकट निळी प्रत उद्या तक्रार करायची वेळ आली तर कुणी मानेल का?

माझे मत आधीच सांगून टाकतो. जुने यंत्र ठेवण्यात काही कमीपणा नाही. सगळा हिशोब एका यंत्रावर आणि ते चालवणाऱ्या एकाच माणसावर टांगून ठेवणे मात्र धोक्याचे आहे. यंत्राचा निर्णय सावकाश घ्या. नोंदी त्या यंत्रातून सोडवून घ्यायचे काम हंगामाआधीच उरका.

ही यंत्रे टिकली कशी

पहिले कारण कायद्यातच आहे. जीएसटी लागणाऱ्या मालाचे बीजक तीन प्रतींत काढावे, असे केंद्रीय जीएसटी नियमावलीतला नियम ४८ सांगतो: मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याच्या दप्तरी. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागला, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच मिलांना या तीन प्रतींशी रोजचा संबंध आला. डॉट मॅट्रिक्सच्या पिना कागदावर आपटतात, त्यामुळे एका फटक्यात तिन्ही प्रती उमटतात आणि तिन्ही तंतोतंत सारख्या असतात. लेझरवर तीनदा छापता येते, हे खरे. पण पहिली प्रत दिल्यावर कुणी आकडा बदलून दुसरी काढली, तर कागदाकडे पाहून ते कळत नाही.

दुसरे कारण आपली हवा. मिलच्या कचेरीत तुसाची धूळ असते, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. इंकजेट चार आठवडे बंद राहिला की शाई वाळून तोंडे बुजतात. लेझर प्रिंटर गरम होताना क्षणभर इतकी वीज ओढतो की छोटा इन्व्हर्टर आडवा होतो. डॉट मॅट्रिक्सला थोडक्या विजेवर काम भागते, आणि रिबन संपत आली की अक्षरे हळूहळू फिकट होतात. म्हणजे तो आधी इशारा देतो, मग थांबतो.

तिसरे कारण काट्याशी जुळणी. धर्मकाट्याचा वजन दाखवणारा डबा, म्हणजे इंडिकेटर, बहुतेक ठिकाणी जुन्या नऊ पिनांच्या सिरियल केबलने बोलतो. एकदा जुळलेली ही जोडी वर्षानुवर्षे चालते, म्हणून कुणी हात लावत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. जपानच्या सरकारी नियमांत अमुक अर्ज फ्लॉपीवर द्या अशा अटी जून २०२४ पर्यंत शिल्लक होत्या. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारख्या स्फोटकांच्या कारखान्यांत तर खिशातला मोबाइलच धोक्याचा मानला जातो. तिथे तारेचा फोन आणि रजिस्टर यांना कुणी मागासलेले म्हणणार नाही.

मात्र यंत्र मजबूत आहे एवढ्याने भागत नाही. टाइपरायटर आठवा. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. त्यानंतरही हजारो टाइपरायटर ठणठणीत होते. अडचण झाली ती सुट्या भागांची आणि दुरुस्ती करणाऱ्या हातांची. तुमच्या यंत्राबाबतही खरा प्रश्न तोच आहे.

निर्णयाआधी स्वतःला विचारा

- एका फटक्यात अनेक प्रती तुम्हाला खरोखर लागतात का? ट्रक रवाना करणारी मिल, काटा, ट्रान्सपोर्ट, खताचे गोदाम यांचे उत्तर बहुधा 'होय' येईल. फक्त महिन्याचा ताळेबंद छापणाऱ्या कचेरीचे 'नाही'.
- रिबन आणि हेड कुठे मिळते? भंडाऱ्यात किंवा नागपुरात तुमच्याच मॉडेलची रिबन आजही दुकानात मिळत असेल तर घाई नको. दुकानदार 'मागवून देतो' म्हणू लागला की वर्षभराची मुदत धरा.
- ते चालवणारा माणूस आठ दिवस गावाला गेला तर? या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. मुनीमजींना पाठ असलेला सॉफ्टवेअरचा रस्ता दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, तर प्रिंटर नवा आणूनही काही सुधारणार नाही.
- आतली माहिती बाहेर काढता येते का? सॉफ्टवेअरमधून गेल्या वर्षीची खातेवही एक्सेलमध्ये किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून बघा. निघाली तर तुम्ही मोकळे आहात. निघाली नाही, तर बदलाची तयारी आजच सुरू करा, मग यंत्र कितीही ठणठणीत असो.
- तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली आहे का? १ ऑगस्ट २०२३ पासून अशा व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेल्या करपात्र मालाचे ई-इन्व्हॉइस काढावे लागते. त्याला तीन प्रतींची अट नाही, पण त्यावर क्यूआर कोड लागतो. नऊ पिनांच्या प्रिंटरवर, त्यातही जुन्या रिबनवर, हा कोड ठिपक्यांचा काला होऊन बसतो आणि मोबाइलला वाचता येत नाही. चोवीस पिनांचा प्रिंटर आणि ताजी रिबन असेल तर निभावते. तरीही कोड मोठ्या आकारात छापून स्वतःच्या मोबाइलवर वाचून बघा, मगच ट्रक सोडा.

ठेवायचे ठरवले असेल तर

नीट सांभाळलेला डॉट मॅट्रिक्स दीर्घकाळ साथ देतो. बिघाड बहुतेक वेळा हयगयीचाच असतो.

- हेडजवळ जाडीची एक छोटी कळ असते. एकच कागद घातला तर ती जवळ, चार थरांचा कागद घातला तर लांब ठेवायची. कित्येकांनी ही कळ विकत घेतल्यापासून हलवलेलीच नसते. मग तिसरी प्रत वाचता येत नाही, किंवा पिना तुटतात.
- वाळलेल्या रिबनवर शाई ओतून ती पुन्हा वापरण्याची युक्ती सोडा. भलत्या शाईने पिना चिकटतात, आणि रिबनमध्ये वाचवलेले पैसे हेडच्या दुरुस्तीत जातात.
- स्टेपलची पिन असलेला कागद आत जाऊ देऊ नका.
- काम झाल्यावर कापडी आच्छादन घाला. प्लॅस्टिकचे नको, त्यात ओल धरते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने तूस झाडा.
- त्याच मॉडेलचा एक जुना प्रिंटर सुट्या भागांसाठी आणून ठेवा. अशी यंत्रे सेकंडहँड बाजारात मिळतात.

संगणकाची गोष्ट वेगळी. विंडोज ७ ला सुरक्षेची डागडुजी मिळणे १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. असा संगणक फक्त काटा किंवा बिलिंगसाठी ठेवायचा असेल तर त्याचे इंटरनेट काढून टाका. बँक, जीएसटी पोर्टल, ईमेल ही कामे त्यावर अजिबात करू नका. त्यासाठी दुसरे यंत्र ठेवा. दोघांमध्ये माहिती नेण्यासाठी एक पेन ड्राइव्ह राखून ठेवा आणि त्यावर तसे लिहा. पोराने त्याच पेन ड्राइव्हवर सिनेमा आणला की सगळी खबरदारी फुकट.

हाताने लिहायच्या रजिस्टरांबाबत एकच सूचना, पण ती काटेकोर पाळा. जीएसटी नियम ५६ नुसार नोंद खोडरबराने पुसता येत नाही, तिच्यावर गिरवता येत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने असा काटा की खालचा वाचता येईल, शेजारी बरोबर आकडा लिहा, सही करा. व्हाइटनरची बाटली मुनीमजींच्या टेबलावरून उचला.

बदलायचे ठरवले असेल तर

वेळ निवडण्यातच निम्मे काम होते. खरिपाची खरेदी आणि भरडाई नोव्हेंबरपासून जोरात असते, उन्हाळी धान मे-जूनमध्ये येते. भर हंगामात नवे सॉफ्टवेअर बसवू नका, विक्रेता कितीही सवलत देवो. फेब्रुवारीत यंत्र आणा, फेब्रुवारी-मार्च जुने आणि नवे दोन्ही सोबत चालवा, आणि १ एप्रिलला नव्या वर्षाच्या आरंभीच्या शिलकेसह पूर्णपणे नव्यावर जा. दोन महिने दुप्पट लिहावे लागेल. कंटाळवाणे आहे, पण जुन्या-नव्यात कुठे फरक पडतो ते याच काळात दिसते.

मग या पायऱ्या:

१. आधी माहिती, मग यंत्र. जुन्या संगणकातली सगळी खाती, साठा आणि नावांच्या याद्या काढून दोन ठिकाणी ठेवा. एक पेन ड्राइव्ह घरी, एक कचेरीत.

२. मराठी नावांची तपासणी. ही खास आपली डोकेदुखी आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. माहिती गेलेली नसते. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. बदलताना जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते. म्हणून शंभर नावे हाताने तपासा. शेतकऱ्याचे नाव सातबारा, आधार आणि बँक पासबुकाशी जुळले नाही तर पुढे त्याचे चुकारे अडकतात, आणि तो तुमच्याच दारात येतो.

३. डॉसवरचा प्रोग्राम. विंडोज ११ फक्त ६४ बिटांचे आहे. त्यावर जुने १६ बिटांचे डॉस प्रोग्राम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारखे मोफत साधन वापरून ते उघडता येतात, पण छपाईची जुळणी करायला जाणकार लागतो. जुन्या वर्षांचे हिशोब नुसते बघण्यापुरती ही सोय ठीक आहे. रोजच्या कामासाठी तिच्यावर विसंबू नका.

४. काट्याची केबल. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसते, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर घ्यावा लागतो. स्वस्तातल्या कन्व्हर्टरांत बनावट चिप असते आणि नव्या विंडोजचा ड्रायव्हर तिला ओळखायला नकार देतो. लोकांना वाटते काटा बिघडला. बिल घेऊन, बदलून मिळण्याच्या अटीवर घ्या.

५. इंडिकेटर बदलला तर शिक्का पुन्हा. प्रिंटर बदलणे हा तुमचा घरचा मामला आहे. वजनाच्या यंत्राला हात लावणे तसे नाही. त्याचे सील तुटले, दुरुस्ती झाली किंवा इंडिकेटर बदलला, तर वैधमापनशास्त्र विभागाकडून पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते आणि हे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच व्हावे लागते. 'साहेब, मीच बसवून देतो' म्हणणाऱ्या संगणकवाल्याला इथे थांबवा.

६. जुने यंत्र विकण्याआधी हार्ड डिस्क काढा. तिच्यात शेकडो शेतकऱ्यांची आधारची आणि पासबुकाची छायाचित्रे असतात. फाइल डिलीट केल्याने ती पुसली जात नाही. डिस्क काढून घ्या, मग बाकीचा सांगाडा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

फसगत बहुतेक इथे होते

सर्वांत मोठी फसगत थर्मल पावतीची. छोटे, आवाज न करणारे, शाई न लागणारे यंत्र म्हणून बऱ्याच काट्यांनी आणि दुकानांनी ते घेतले. त्याचा कागद उष्णतेने काळा होतो म्हणूनच छपाई उमटते, आणि त्याच उष्णतेने, उजेडाने, प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या रसायनाने ती पुसलीही जाते. मोटारसायकलच्या डिकीत एक उन्हाळा काढलेली थर्मल पावती कोरी निघाल्याचे तुम्हीही पाहिले असेल. लॅमिनेट करायला गेलात तर अख्खी काळी होते. चहाच्या बिलाला थर्मल चालेल. ज्या पावतीवर सहा वर्षे हिशोब सांभाळायचा आहे तिथे नको. घेतलेच असेल तर पावती हातात पडल्या दिवशीच तिची झेरॉक्स किंवा छायाचित्र काढा.

दुसरी फसगत दुरुस्तीच्या करारातली. काही सॉफ्टवेअरवाले दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे घेतात आणि पैसे थांबले की प्रोग्राम उघडतच नाही. विकत घेण्याआधी लिहून घ्या: करार संपला तरी माझी जुनी माहिती मला बघता आणि बाहेर काढता येईल. हे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

तिसरी, फोनवरची. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचे विंडोज बंद होणार आहे' असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवून पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर लगेच कळवा. उशीर होईल तितके पैसे परत मिळणे अवघड.

नोंदी किती वर्षे ठेवायच्या

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार ज्या वर्षाची नोंद, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. उदाहरण घ्या: २०२४-२५ च्या विवरणपत्राची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणून त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत सांभाळायची. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. लोक 'सहा वर्षे' म्हणून आर्थिक वर्षाच्या शेवटापासून मोजतात आणि नऊ महिने आधीच रद्दीवाल्याला बोलावतात.

संगणकावर हिशोब ठेवणाऱ्यांना नियम ५७ एक गोष्ट स्पष्ट सांगतो: अपघातात किंवा नैसर्गिक आपत्तीत नोंदी नष्ट झाल्या तरी त्या पुन्हा उभ्या करता येतील असा बॅकअप हवा. भंडाऱ्यात हे सांगायला कायद्याची गरज पडू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा पुराला कागद आणि संगणक असा भेद नव्हता. रजिस्टरे खालच्या फळीवर ठेवू नका, संगणकाचा डबा जमिनीवर ठेवू नका, आणि महिन्याच्या शेवटी त्या महिन्याच्या रजिस्टरांच्या पानांची मोबाइलने छायाचित्रे काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे.

शेतकरी आणि गिऱ्हाईक म्हणून तुमचे हक्क

पहिल्यांदा त्या फिकट निळ्या प्रतीबद्दल. एकाच वेळी, एकाच दाबाने निघालेली कार्बन प्रत ही मूळ कागदासारखाच प्राथमिक पुरावा मानता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटले आहे. म्हणजे तुमच्याकडे 'नुसती दुसरी प्रत' आहे म्हणून कुणी तुम्हाला परतवू लागले तर मागे हटू नका. प्रतीवर तारीख, क्रमांक, वजन, पोत्यांची संख्या आणि सही आहे ना, ते मात्र तिथेच उभे राहून बघा. खाली काहीच उमटले नसेल तर कार्बन सरकलेला असतो. पावती पुन्हा करून मागा.

मोबाइलमधल्या छायाचित्राचे नियम वेगळे आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. छायाचित्र उपयोगी आहेच, पण म्हणून कागद फेकू नका, आणि ज्या फोनवर काढले त्यातली मूळ फाइल पुसू नका.

काट्यावर. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावलेले असावे लागते. ते बघा, तारीख वाचा. ट्रॅक्टर चढण्याआधी आकडा शून्यावर आहे का, हेही. पावतीवर भरलेले वजन, रिकामे वजन आणि दोन्हींच्या वेळा छापलेल्या असाव्यात. नुसते निव्वळ वजन हाताने लिहून दिले तर ते छापून मागा. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. पोत्यामागे अर्धा किलो जास्त गेला तर शंभर पोत्यांत अर्धा क्विंटल होतो, बाराशे रुपयांच्या जवळपास. वजनाची तक्रार वैधमापनशास्त्र निरीक्षकाकडे करायची.

दुकानात. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. खताचे बिल 'एम' नमुन्यात मिळायला हवे. पॉस यंत्राला अंगठा लावला, पट्टी निघाली, म्हणजे झाले असे नाही. दुकानदाराने घेतलेली प्रत्यक्ष रक्कम त्या बिलावर लिहिलेली हवी. बियाण्याच्या बिलावर वाण आणि लॉट क्रमांक हवा, आणि रिकामी पिशवी लेबलासह हंगाम संपेपर्यंत जपा. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. १९१५ या क्रमांकावर आधी तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायचे तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

धान विकताना. इथे बरेच जण चुकीच्या दारात जातात. धान विकणारे तुम्ही विक्रेते असता, ग्राहक नव्हे. व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर ग्राहक आयोग उपयोगाचा नाही. बाजार समितीच्या आवारात विकले असेल तर हिशोबपट्टी घ्या आणि तक्रार बाजार समितीच्या सचिवांकडे, पुढे सहकार खात्याच्या निबंधकांकडे करा. हमीभाव केंद्रावर मोजणी झाली असेल तर मोजणीच्या दिवसाची पावती घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. 'ऑनलाइन चढले की मिळेल' हे उत्तर ऐकू नका. पोर्टल बंद असले तरी पावतीपुस्तक बंद नसते. तक्रार जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे, लेखी, पोच घेऊन.

सोसायटीत. गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. देशभरातल्या ६३,००० सोसायट्या आणि २,५१६ कोटी रुपये. त्यामुळे सध्या बऱ्याच ठिकाणी जुनी खातेवही आणि नवा संगणक शेजारी शेजारी आहेत, आणि कर्जाचा आकडा दोन्हीकडे वेगळा दिसण्याचे प्रसंग याच काळात येतात. माहिती अधिकाराचा अर्ज इथे दरवेळी चालत नाही. सगळ्याच सहकारी संस्था आपोआप त्या कायद्याखाली येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. पण तुम्ही सभासद असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ नुसार तुमच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. सचिवांच्या नावे साधा अर्ज करा: खातेवहीतल्या माझ्या खात्याची पाने आणि संगणकातला उतारा, दोन्ही मिळावे. दोन्ही हाती आल्यावर जुन्या पावत्यांशी एकेक ओळ ताडा, जिथे फरक दिसेल तिथे पावतीचा क्रमांक लिहून दुसरा अर्ज द्या, आणि त्या अर्जाच्या झेरॉक्सवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घेऊनच परता.